भाड्याचा मास्क आणि घरची मिशी

"विकत घ्यावं का भाड्यानं?" हा प्रश्न मला इतक्या वेळा विचारला गेलाय की एखाद्या घरमालकालाही तेवढ्या वेळा कोणी विचारला नसेल. मी मात्र घरं देत नाही. अकोल्याच्या जठारपेठेत बसून मी समुद्रात पोहायचं सामान देते.

हसा. सगळेच हसतात. ज्या गावात उन्हाळा लागला की बायका एकमेकींना "तुमच्याकडे नळ आले का हो?" असं विचारतात, त्या गावात एक बाई समुद्राचं सामान विकायला बसलीय म्हटल्यावर माणूस हसणारच. आमचं दुकान मुळात सासऱ्यांचं. कॅरम बोर्ड, बॅडमिंटनची फुलं आणि शाळांच्या बक्षिसांच्या ढाली यांवर त्यांनी अख्खा संसार केला. कपाटात पहिला मास्क लावला त्या दिवशी त्यांनी तो हातात घेऊन उलटासुलटा पाहिला आणि म्हणाले, "हे घालून लोक उतरनार कुठी? मोर्णेत?" गाळाने आणि जलपर्णीने भरलेली आमची मोर्णा नदी ज्यांनी पाहिली आहे त्यांना या प्रश्नातली कळकळ समजेल.

झालं असं की मी सकाळी तलावावर बायकांना पोहायला शिकवत असे. त्यातल्या कोणाचा मुलगा पुण्यात कमावता झाला, कोणाची मुलगी बंगळूरला. मुलं आईबापांना अंदमानला, बालीला, मालदीवला धाडू लागली. जाण्याआधी या बाया माझ्याकडे यायच्या. "मॅडम, तिथं पाण्यात तोंड घालून मासोळ्या पाहाच्या असतात म्हने. त्यासाठी काय लागते?" मी दोन मास्क मागवले, मग आणखी मागवले, आणि बघता बघता ढाली मागच्या खोलीत गेल्या.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. समुद्राच्या पृष्ठभागावर पालथं तरंगायचं, तोंड पाण्यात ठेवायचं आणि खालचं जग बघायचं. त्याला तीन वस्तू लागतात. डोळे आणि नाक झाकणारा काचेचा मास्क, तोंडात धरायची श्वासाची नळी, आणि पायात घालायचे फिन्स. आमच्याकडे फिन्सना बदकाचे पाय म्हणतात आणि मीही तेच म्हणते. दिसायला तिन्ही खेळण्यासारख्या. पण मास्कमध्ये पाणी शिरलं की पहिल्यांदा उतरलेला माणूस घाबरतो, धडपडत उभा राहतो, "मले नाई पाहाच्या मासोळ्या" म्हणून नावेत जाऊन बसतो आणि पुन्हा उतरत नाही. एवढ्या लांब गेलेल्या माणसाची सगळी सहल त्या रबराच्या कडेवर अवलंबून असते.

म्हणून माझा सल्ला ठरलेला. बदकाचे पाय तिथेच भाड्याने घ्या, ते बॅगेत उगीच जागा खातात. नळी स्वतःची घ्या. आणि मास्क इथून, चेहऱ्याला लावून बघून न्या. पुन्हा पुन्हा जाणार असाल तर विकत, एकदाच जाणार असाल तर माझ्याकडून भाड्याने. मास्क बघायची रीत सोपी आहे. पट्टा डोक्यामागे टाकायचा नाही. मास्क नुसता चेहऱ्यावर टेकवायचा, नाकाने हलका श्वास आत ओढायचा आणि हात सोडून द्यायचे. मास्क चिकटून राहिला तर तो तुमचा. गळून पडला तर तो कितीही भारी असला तरी तुमच्या कामाचा नाही. हल्ली लोक मोबाईलवर फोटो बघून मागवतात आणि मग माझ्याकडे घेऊन येतात, "ताई, हा ढिला होऊन राहिला, पट्टा आवळून द्या." पट्टा आवळल्याने गालावर वळ उठतात, पाणी थांबत नाही. हे सांगून सांगून माझं तोंड दुखलं, आणि आता त्याचं वाईटही वाटतं, कारण माणसं चेहरा घेऊन दुकानात यायची तेव्हा गप्पाही व्हायच्या.

अमरावतीचं एक भिक्षुकी करणारं कुटुंब आलं होतं. वडील, दोन मुलं, सुना. थोरल्या मुलाने भाड्याचं सामान बघून ठेवलं होतं. वडिलांनी नळी उचलली, तोंडात धरायचा रबरी भाग निरखला आणि मला विचारलं, "हे याआधी कोणी तोंडात धरलं होतं?"

मी म्हटलं, "धरलं असणारच. पण आम्ही गरम पाण्याने, औषधाने धुतो."

"धुतलं तरी उष्टं ते उष्टंच," असं म्हणून त्यांनी सगळ्यांसाठी नवं कोरं सामान घेतलं. मला काय, बरंच झालं. गंमत पुढे झाली. ते मास्क आणि त्या नळ्या पुढच्या वर्षी त्यांच्या चुलतभावाकडे गेल्या, तिथून धाकट्या सुनेच्या माहेरी, तिथून बडनेऱ्याला एका भाच्याकडे. तो भाचा एक फाटलेला पट्टा बदलायला माझ्याकडे आला तेव्हा हा सगळा प्रवास कळला. मी विचारलं, "आणि उष्टं?" तो म्हणाला, "घरातलं आहे ना मावशी." तेव्हापासून मी भाड्याच्या नळीला दर वेळी नवा रबरी तोंडभाग लावून देते आणि तो गिऱ्हाइकासमोर पाकिटातून काढते. धंदा वाढला.

दुसऱ्या एका बाईंनी भाड्याचा मास्क परत आणला तो नाकाजवळ नेताच मला शिंका सुटल्या. सहल रद्द झाली होती. मास्क घरी आलाच आहे तर वाया कशाला घालवायचा, म्हणून त्यांनी तो घालून वर्षाचं तिखट कुटलं होतं. "डोयातून एक थेंब पानी नाई आलं ताई," असं त्यांनी मला इतक्या कौतुकाने सांगितलं की मी रागावूच शकले नाही. तो मास्क मी त्यांनाच देऊन टाकला.

पण प्रल्हादरावांची गोष्ट वेगळी.

पूर्णेच्या काठचे शेतकरी. काळी जमीन, कपाशी, तूर, हरभरा, सगळं बऱ्यापैकी चाललेलं. पन्नाशी ओलांडलेला उंचापुरा माणूस आणि चेहऱ्यावर अशी मिशी की ती थेट कल्ल्यांना जाऊन मिळालेली. सोबत बायको, सुनंदाताई. बोलायला सुरुवात त्यांनीच केली.

"ताई, यायले समुद्रात पाहाचा चष्मा पायजे."

"भाड्यानं," प्रल्हादराव म्हणाले. "इकत नको. एक डाव तं पाहाचं हाय."

एकदाच पाहायचं म्हणणारे पुष्कळ येतात, पण हे वाक्य त्यांनी कोर्टात हजेरी लावायची असल्यासारखं म्हटलं. ते बाहेर गाडी नीट लावायला गेले तेव्हा सुनंदाताईंनी मला सगळं सांगितलं. त्यांची मुलगी वैष्णवी अंदमानच्या एका बेटावर काम करते. समुद्राच्या तळाशी प्रवाळ असतात, ते मेले की तिथे लोखंडी जाळ्या ठेवून प्रवाळाचे जिवंत तुकडे बांधतात, ते वाढतात. म्हणजे रोपवाटिकाच. प्रल्हादरावांनी तिच्यासाठी अमरावतीच्या कॉलेजात शिकवायच्या नोकरीचं जवळजवळ पक्कं केलं होतं. तिने ती घेतली नाही आणि निघून गेली. हे म्हणाले, "शेतकऱ्याच्या पोरीनं पान्यात कायची लागवड कराची?" आणि तेव्हापासून तिच्याशी बोलणं बंद. दुसरी दिवाळी येऊन गेली तरी बंदच.

"आता तिनंच निरोप देल्ला," सुनंदाताई म्हणाल्या. "म्हने, बाबांनी एक डाव पान्यात डोकं घालून माहं काम पाहावं. पाहून मंग म्हनले का परत ये, तं मी सामान बांधून येतो. पन पाहिल्याबिगर नाई. अन् हे म्हनते, मी पाहिल्याबिगर बोलत नाई. दोघंही एकाच मातीचे."

म्हणजे बापलेकीचं बोलणं माझ्या एका मास्कवर येऊन अडलं होतं. मी म्हटलं, बसा, चांगला मास्क देते.

प्रल्हादराव आत आले. मी मास्क टेकवला, श्वास घ्यायला सांगितलं, हात सोडले. मास्क त्यांच्या मांडीवर पडला. दुसरा लावला, तोही पडला. रुंद, अरुंद, मऊ कडेचा, जाड कडेचा, कपाटातले सगळे झाले. एकही टिकेना. त्याचं कारण मला पहिल्या मास्कलाच कळलं होतं, पण बाईमाणसाने परक्या पुरुषाला ते कसं सांगावं, म्हणून मी उगीच मास्क बदलत बसले होते. मास्कची खालची कड नाकाखाली, वरच्या ओठावर टेकते. तिथे कातडी लागते. केस असले की केसाकेसामधून पाणी आत येतं.

शेवटी सांगितलं. "प्रल्हादराव, मिशी आड येते. सगळी नका काढू. नाकाखालची वरची पट्टी काढली तरी भागेल."

त्यांनी मास्क काउंटरवर ठेवला. अगदी हळू ठेवला.

"मॅडम, बाप जित्ता हाय माहा."

एवढंच म्हणाले आणि दुकानाबाहेर जाऊन उभे राहिले. आमच्या भागात याच्यापुढे बोलायला काही उरत नाही. बाप असेपर्यंत मुलाने मिशी काढायची नाही. ती निघते बाप गेल्यावर. एरवी गुळगुळीत दाढी करून हिंडणारी शहरातली पोरं हे मानत नाहीत, पण गावात प्रल्हादरावांच्या वयाच्या माणसाने मिशी काढणं म्हणजे घरात जिवंत बसलेल्या बापाचं वाईट चिंतणं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सुनंदाताई मागे राहिल्या. "ताई, मिशीले काई लावता नाई येत का? व्हॅसलीन गिसलीन?"

काही लोक लावतात. पण त्याने कड खराब होते आणि पाणी थोडं थांबलं तरी येतंच. "आणि तो पूर्ण चेहऱ्याचा येतो ना, हनुवटीपर्यंतचा?" त्यांनी मोबाईलवर पाहिला होता. तो मी ठेवत नाही. त्यात सोडलेला श्वास आतच घुटमळतो, आणि पहिल्यांदा उतरणाऱ्याच्या हातात मी तो देणार नाही. शिवाय कल्ले होतेच, तिथूनही पाणी आलं असतं. पोहण्याचा साधा गॉगल? त्यात नाक उघडं. प्रल्हादरावांना पोहता येत नव्हतं; त्यांच्या भागात विहिरींचं पाणी खारं, त्यात उतरून पोहणार कोण. अंगात तरंगायचं जाकीट असलं तरी असा माणूस दचकला की पहिला श्वास नाकानेच घेतो. मी सुनंदाताईंना खरं ते सांगितलं. त्या पदराने तोंड पुसत गेल्या. मला त्या दिवशी दुकानात बसवेना.

नंतरच्या बाजाराच्या दिवशी दुकानासमोर मोटारसायकल थांबली. पुढे प्रल्हादराव, मागे एक वाळकेसे म्हातारे गृहस्थ. धोतर, पांढरा सदरा, हातात काठी. ते पायरी चढून आले, खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "मी याचा बाप. सुनेनं सांगतलं मले सारं. कोन्ता थो चष्मा, दाखवा बरं."

प्रल्हादराव दारातच उभे होते. "आबाजी, कायले उगीच..."

"तू चूप राह्य. दाखवा बाई."

मी मास्क दिला. कसा लावायचा ते सांगितलं. आबाजींनी काठी भिंतीला टेकवली, मास्क चेहऱ्याला लावला, नाकाने श्वास ओढला आणि दोन्ही हात बाजूला पसरले. मास्क हलला नाही. तसेच ते दुकानातल्या आरशाकडे वळले आणि स्वतःला बघत राहिले. त्यांच्या ओठावर मिशी नव्हती.

"धरलं का बाई?" आवाज नाकातून आला.

"धरलं, आबाजी."

त्यांनी मास्क काढला. "माहा बाप गेला तवा काढली होती. मंग ठेवलीच नाई." मग मुलाकडे वळून म्हणाले, "पल्हाद, मी मेल्यावर तू मिशी काढशीन ना?"

"असं काहून बोलता आबाजी?"

"काढशीन का नाई, तेवढं सांग."

"काढाच लागते."

"तवा मी पाहाले राहीन का?"

प्रल्हादरावांचा हात मिशीवर गेला.

"म्हंजे थे मिशी माह्या नावाची हाय. मंग मी म्हनीन तवा काढाची. मी आज म्हनून राहिलो. मेल्यावर माह्यासाठी काढून मले काय भेटनार? नातीसाठी काढ. पोरगी तिकडे एकटी पान्यात उतरते, अन् तिचा बाप इकडे मिशीले कुरवाळत बसला हाय."

"गावात जो भेटीन थो विचारीन आबाजी."

"विचारू दे. मी बसतो न पारावर. पाहतीन लोकं, पोराची मिशी नाई अन् बाप तंबाखू मळत बसला हाय."

प्रल्हादरावांनी दाराची चौकट धरली होती. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसतही नव्हते. मी उगीच कपाटातले मास्क सारखे करत राहिले. मग प्रल्हादराव म्हणाले, "मॅडम म्हनते, पट्टीच काढली तरी चालते."

"पट्टी कायले?" आबाजी म्हणाले. "अर्धी ठेवली तं तमाशातला दिसशीन. काढाची तं सारी काढ."

आमच्या दुकानाच्या रांगेतच कटिंगचं दुकान आहे. दोघं गेले. आबाजी शेजारच्या खुर्चीत बसून राहिले, शेवटपर्यंत. परत आले तेव्हा प्रल्हादरावांना मी ओळखलंच नाही. मिशीखालच्या त्या जागेला इतक्या वर्षांत ऊन लागलेलं नव्हतं, ती तेवढी गोरी पडली होती आणि माणूस एकदम तरुण आणि बिचारा दिसत होता. हात सारखा ओठाकडे जाई आणि काही न सापडून परत येई. मी मास्क टेकवला. त्यांनी श्वास ओढला. हात सोडले. चिकटला.

तोंडाने श्वास घ्यायची सवय व्हायला मी त्यांना घरच्या हौदात तोंड घालून बसायला सांगितलं. काचेवर वाफ धरू नये म्हणून आतून थुंकी लावून खंगाळायचं, तेही दाखवलं. "इतल्या महाग वस्तूवर थुकाचं?" असं त्यांनी विचारलं, पण थुंकले. सामान भाड्याने घेऊन दोघं नवराबायको विमानाने गेले. जाण्याच्या गडबडीत डाळीचे लाडू, ज्वारीचे पापड, तीळ घातलेली शेव, सगळं आठवून बांधलं. मुलीशी आईचं फोनवर बोलणं चाललेलं होतं, काय आणू, काय नको. मिशीचं मात्र तिला कोणी सांगितलं नाही. कोणाच्या डोक्यातच आलं नाही. माझ्याही नाही.

सहलीहून आल्यावर सुनंदाताई एकट्याच दुकानात आल्या. हात रिकामे.

"ताई, चष्मा परत नाई भेटनार. यायनं इकत घेतला समजा. हे रोज दिवाणखान्यात काढून पुसते."

"उतरले म्हणजे?"

"उतरले? निंगतच नोयते! जाकीट घालून पालथे पडून राहत, अन् पोरगी खाली जाऊन एकेक जाळी दाखवे. पहिल्या दिवशी वर आले न, तं पोरीले म्हनते कसे, 'दोन रोपायतलं अंतर कमी हाय. वाढल्यावर दाटी होईन.' मंग तिनं समजावून सांगतलं, यायनं आयकून नाई घेतलं, अन् जेवाच्या टायमालोक दोघं भांडत होते."

"आणि परत ये म्हणाले का तिला?"

"कोन म्हनते! येतानी म्हनले, पुढच्या साली तुरी निंगाल्या का येतो, तवालोक ओळी सुदऱ्या कर."

मी हसले. त्याही हसल्या. मग त्यांनी पदर हातात घेतला आणि म्हणाल्या, "पन ताई, यायचं बोलनं पान्यात उतरल्यावर नाई सुरू झालं. थे आंधीच झालं होतं. धक्क्यावरच."

बोट बेटाच्या धक्क्याला लागत होती. वैष्णवी उन्हात उभी होती, डोळ्यांवर हात धरून. आई दिसली तशी तिने जोरजोरात हात हलवला. मग आईच्या मागून बॅगा घेऊन बाबा डेकवर आले. तिचा हात होता तिथेच थांबला. ती बापाच्या तोंडाकडे बघत राहिली, आणि मग एकदम तिथेच, सिमेंटवर, खाली बसली. सुनंदाताईंना वाटलं, उन्हाने चक्कर आली. बोट पुरती लागायच्या आत त्यांना तिचं रडणं ऐकू आलं. ती ओरडून विचारत होती, "आई, केव्हा? केव्हा गेले? मले काहून नाई सांगतलं तुमी?"

सुनंदाताईंना काही कळेना. प्रल्हादरावांना कळलं. त्यांचा हात ओठावर गेला. त्यांनी बॅगा तिथेच टाकल्या, नावाड्याचा हात झिडकारून धक्क्यावर उडी मारली आणि लेकीपुढे मांडी घालून बसले. तिचं डोकं दोन्ही हातांनी धरलं.

"आबाजी हायेत पोरी," ते म्हणाले. "घरी हायेत, पारावर बसून हायेत. हे मिशी म्या तुह्यासाठी काढली."